गुडघे बदलले, नोंद कोण ठेवणार?

ठाणे, डोंबिवली किंवा कल्याण स्थानकाबाहेर रिक्षाच्या रांगेत उभं राहिलं की पुढच्या रिक्षाच्या पाठीवर एक जाहिरात हटकून दिसते. पांढऱ्या केसांचं हसतमुख जोडपं, शेजारी गुडघ्याचा निळसर एक्स-रे, त्याखाली ‘रोबोटिक नी रिप्लेसमेंट’ आणि मोफत तपासणी शिबिराची तारीख. एके काळी गुडघा बदलणं म्हणजे मुंबईच्या बड्या इस्पितळात बड्या लोकांनी करून घ्यायची गोष्ट समजली जाई. आज इथल्या बहुतेक सोसायट्यांत दोन्ही गुडघे बदलून घेतलेल्या एखाद्या काकू भेटतात आणि त्यांचा अनुभव ऐकायला शेजारणी जमतात.

जेमतेम साठ वर्षांत हे ऑपरेशन प्रयोगातून नित्याचं झालं. ते कसं झालं, आपल्या भागात त्याचं रूप कसं बदललं, पैशाचं आणि यंत्रांचं गणित कुठे आलं आणि पुढे काय वाढून ठेवलं आहे, याचा हा आढावा. निष्कर्ष आधीच सांगून टाकतो. हे ऑपरेशन भरवशाचं झालं, घराजवळ आलं, सांध्याची किंमतही उतरली. पण कुणाच्या पायात कोणता सांधा बसवला आणि तो किती वर्षं चालला, याचा हिशेब ठेवण्यात आपण फार मागे आहोत. बाकीच्या बऱ्याच अडचणी या एका उणिवेपाशी येऊन थांबतात.

मागाच्या दात्यापासून खुब्यापर्यंत

सुरुवात खुब्यापासून झाली. इंग्लंडमध्ये लँकेशायर परगण्यातल्या राइटिंग्टन इस्पितळात जॉन चार्नली हे सर्जन १९५०च्या दशकाच्या अखेरीस खुब्याचा खड्डा आणि मांडीच्या हाडाचा गोळा दोन्ही बदलून पाहत होते. गोळा स्टीलचा आणि खड्डा टेफ्लॉनचा. सुमारे ३०० रुग्णांना असे सांधे बसवल्यावर कळलं की टेफ्लॉन दोन-तीन वर्षांत झिजतं आणि त्याच्या कणांमुळे आजूबाजूच्या ऊती खराब होतात. ते कण शरीरात काय करतात हे पाहण्यासाठी चार्नलींनी ते स्वतःच्या मांडीत टोचून घेतले होते.

१९६२ मध्ये एक विक्रेता त्यांच्या प्रयोगशाळेत नव्या प्लास्टिकचा नमुना घेऊन आला. कापडगिरण्यांच्या मागांना लागणारे दाते या पॉलिथिलीनचे बनत. चार्नलींना ते आधी कामाचं वाटलं नाही, पण त्यांच्या तंत्रज्ञाने ते घासणीच्या यंत्रावर लावून पाहिलं आणि झीज नगण्य निघाली. त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये त्यांनी पॉलिथिलीनचा खड्डा बसवायला सुरुवात केली. आजचा खुबेबदल मुळात तोच आहे. सांधा हाडात पक्का बसवणारं सिमेंट दंतवैद्यांकडून आलं, आणि ऑपरेशनच्या खोलीतली हवा गाळून घेण्याची चार्नलींची शिस्त जगभर गेली. त्या शिस्तीसह इतर खबरदाऱ्यांमुळे त्यांच्याकडचं जंतुसंसर्गाचं प्रमाण शेकडा सातच्या आसपास होतं ते एकच्या खाली आलं.

गुडघ्याची गोष्ट जास्त अवघड होती. गुडघा दाराच्या बिजागरीसारखा नुसता उघडमीट करत नाही. तो वाकताना घसरतो आणि थोडा फिरतोही. बिजागरीच्या धर्तीवर केलेले जुने सांधे म्हणूनच लवकर ढिले पडत. १९७४ मध्ये न्यूयॉर्कच्या हॉस्पिटल फॉर स्पेशल सर्जरीत जॉन इन्सॉल आणि चित्तरंजन राणावत यांच्या गटाने ‘टोटल कॉन्डिलर’ गुडघा आणला आणि नंतरच्या बहुतेक सांध्यांचा साचा तिथे ठरला. यांतले राणावत इंदूरला डॉक्टर होऊन अमेरिकेत गेलेले.

भारतात ही विद्या रुजवणाऱ्यांत मुंबईच्या डॉ. के. टी. ढोलकिया यांचं नाव आदराने घेतलं जातं. पुण्यात डॉ. के. एच. संचेती यांनी भारतीय गुडघ्याच्या ठेवणीला साजेसा ‘इंडस’ सांधा विकसित केला. त्याची गरज खरी होती. परदेशी सांधे तिकडच्या हाडांच्या मापाने बनत आणि आपल्या बायकांच्या लहान हाडांना ते अनेकदा मोठे पडत.

या ऑपरेशनाचं नाव घरोघरी पोचलं ते मात्र एका रुग्णामुळे. पंतप्रधान अटलबिहारी वाजपेयी यांचा डावा गुडघा ऑक्टोबर २००० मध्ये आणि उजवा जून २००१ मध्ये मुंबईच्या ब्रीच कँडी इस्पितळात बदलला गेला. ऑपरेशन करायला डॉ. राणावत न्यूयॉर्कहून आले होते. कित्येक दिवस वर्तमानपत्रांत गुडघ्याच्या आकृत्या छापून येत होत्या. वाजपेयींनी करून घेतलं म्हणजे आपणही करायला हरकत नाही, असं त्यानंतर अनेक घरांत म्हटलं गेलं.

आपल्याकडे गुडघाच पुढे

युरोपात खुबे आणि गुडघे थोड्याफार फरकाने सारख्याच संख्येने बदलले जातात. आपल्याकडचं चित्र वेगळं आहे. इंडियन सोसायटी ऑफ हिप अँड नी सर्जन्स या सर्जनांच्या संघटनेने २००६ पासून ऐच्छिक नोंदणी सुरू केली. तिच्या पहिल्या सहा-सात वर्षांच्या अहवालात ३४,४७८ गुडघे होते आणि खुबे फक्त ३,६०४. गुडघ्याच्या रुग्णांत चारांतल्या तीन स्त्रिया, सरासरी वय चौसष्टच्या आसपास आणि कारण जवळजवळ नेहमी एकच, वयोमानाने झालेली झीज. खुब्याचे रुग्ण सरासरी दहा-बारा वर्षांनी तरुण होते आणि त्यांच्यात साधारण निम्म्यांना खुबा बदलावा लागला तो गोळ्याचा रक्तपुरवठा तुटल्यामुळे.

या आकड्यांमागे दोन निरनिराळे आजार आणि दोन निरनिराळी आयुष्यं आहेत.

गुडघ्याची रुग्ण बहुतेक वेळा साठी उलटलेली गृहिणी किंवा निवृत्त शिक्षिका असते. झीज गुडघ्याच्या आतल्या बाजूने होते आणि पाय हळूहळू धनुष्यासारखा बाहेर वाकतो. डोंबिवलीत सत्तर-ऐंशीच्या दशकांत उभ्या राहिलेल्या तीन-चार मजली, बिनलिफ्टच्या इमारतींत हा आजार जिन्यावरच ओळखू येतो. बाई कठड्याला दोन्ही हात लावून तिरकी उभी राहते, एकच पाय खाली टाकते, दुसरा त्याच्या शेजारी आणते आणि मग पुढच्या पायरीकडे बघते. चढण्यापेक्षा उतरणं जास्त दुखतं, कारण उतरताना वाकलेल्या गुडघ्यावर शरीराच्या वजनाच्या कितीतरी पट भार येतो. मग भाजी पिशवीला दोरी बांधून वर ओढली जाते, हळदीकुंकू बंद होतं, देवळात जाणं संकष्टीपुरतं उरतं. डॉक्टरकडे जायला मात्र वर्षं जातात. आधी नातवंडं, मग मुलीचं बाळंतपण, मग नवऱ्याची बायपास. गुडघा दाखवायचा तो ‘गणपती उरकले की’, आणि गणपती दरवर्षी येतात.

खुब्याचा रुग्ण अनेकदा पस्तीस-चाळीस वर्षांचा, कमावता पुरुष. मांडीच्या हाडाच्या गोळ्याला रक्त पोचवणाऱ्या वाहिन्या बारीक असतात. त्या बंद पडल्या की हाड मरतं आणि गोळा चेपतो. डॉक्टर याला ‘एव्हीएन’ म्हणतात. दीर्घकाळ घेतलेली स्टिरॉइड्स, अति मद्यपान, जुना अपघात ही त्याची नेहमीची कारणं. जुलै २०२१ मध्ये मुंबईच्या हिंदुजा रुग्णालयातल्या डॉक्टरांनी कोविडनंतर एव्हीएन झालेल्या, चाळिशीच्या आतल्या तीन रुग्णांची माहिती प्रसिद्ध केली. तिघांनाही कोविडच्या उपचारांत स्टिरॉइड दिलं गेलं होतं. त्या लाटांत स्टिरॉइडने अनेकांचे प्राण वाचले हे खरं. त्याची एक किंमत अशी उशिराने दिसू लागली. आणखी एक कारण आपल्या भागात विसरून चालणार नाही. ठाणे आणि २०१४ मध्ये त्यातून वेगळ्या झालेल्या पालघर जिल्ह्याच्या आदिवासी पट्ट्यात सिकलसेल आजार आहे आणि त्यातही खुब्याचा गोळा असाच मरतो, तोही ऐन तारुण्यात.

तिसरा प्रकार पडण्याचा. बाथरूममध्ये घसरून खुब्याचं हाड मोडलेल्या म्हाताऱ्या माणसाला बहुधा अर्धाच सांधा लावतात, ज्याला लोक ‘बॉल बदलला’ म्हणतात. इथे वेळेला मोल आहे. दोन दिवसांच्या आत ऑपरेशन होऊन रुग्ण उठून बसला तर तो वाचण्याची आणि पुन्हा चालण्याची शक्यता वाढते. शहापूर-मुरबाडच्या पाड्यावरून कल्याण किंवा ठाणे गाठेपर्यंतच हे दोन दिवस संपू शकतात.

टेबलावर काय होतं

‘गुडघा बदलला’ म्हटलं की आख्खा गुडघा कापून काढला असं अनेकांच्या मनात येतं. प्रत्यक्षात दाताला कॅप बसवतात तसं हे काम आहे. कमरेखाली भूल देऊन पुढून चीर घेतात, वाटी बाजूला सारतात, मांडीच्या हाडाच्या टोकावरून आणि नडगीच्या हाडाच्या माथ्यावरून साधारण आठ-दहा मिलिमीटर जाडीचे काप काढतात. मांडीच्या हाडावर कोबाल्ट-क्रोमियमचं गुळगुळीत टोपण बसतं, नडगीवर धातूची बैठक आणि दोन्हींच्या मध्ये पॉलिथिलीनची चकती, जी झिजलेल्या कूर्चेचं काम करते. सिमेंट कालवल्यापासून दहा-पंधरा मिनिटांत घट्ट होतं. सर्जनचं खरं कसब कापण्यापेक्षा तोल साधण्यात लागतं. पाय सरळ असताना आणि वाकवल्यावर दोन्ही बाजूंचे स्नायुबंध सारखे ताणलेले राहिले पाहिजेत, नाहीतर सांधा कितीही भारी असला तरी पाय डळमळतो किंवा आखडतो.

ऑपरेशनाभोवतीची व्यवस्था तर पार बदलली आहे. पूर्वी रुग्ण आठवडेच्या आठवडे पडून असे. आता रक्तस्राव रोखणारं ट्रॅनेक्झामिक ॲसिड, नेमक्या नसांपुरती भूल आणि रक्ताच्या गुठळ्या टाळणारी औषधं यांमुळे बहुतेकांना त्याच दिवशी किंवा दुसऱ्या दिवशी वॉकर धरून उभं करतात. रक्ताची बाटली चढवण्याची वेळ क्वचित येते. दोन्ही गुडघे एकाच वेळी बदलणं हे आपल्याकडचं खास चलन. खर्च, मुलांची रजा आणि फिजिओथेरपी एकदाच उरकते म्हणून घरच्यांचा तिकडे कल असतो. हृदय, फुप्फुसं धडधाकट असतील तर हे चालतं, एरवी दोन ऑपरेशनांत अंतर ठेवणंच शहाणपणाचं.

पुढची परीक्षा घरी. बिनलिफ्टच्या इमारतीत परतणाऱ्या रुग्णाला फिजिओ पहिला धडा देतात तो जिन्याचा : चढताना चांगला पाय आधी, उतरताना ऑपरेशनचा पाय आधी. मांडी घालून किंवा उकिडवं बसायला बहुतेक सर्जन मना करतात आणि भारतीय शौचकूप बंद होतो. फ्लॅटमध्ये कमोड बसवता येतो. ठाण्याच्या किसननगरमधल्या चाळीत किंवा कल्याणच्या वस्तीत, जिथे शौचालय सार्वजनिक आहे, तिथे खाटेशेजारी ठेवायची कमोड-खुर्ची हाच उपाय उरतो. ऑपरेशनापूर्वी घर पाहायला येणारं कुणी नसतं, त्यामुळे ही अडचण कळते ती घरी गेल्यावरच.

मुंबईहून कल्याणपर्यंत

छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनसपासून डोंबिवली सुमारे ४८ किलोमीटर, कल्याण ५४. नव्वदच्या दशकापर्यंत इथल्या माणसाला सांधा बदलायचा तर हे अंतर कापून परळचं केईएम, सायन किंवा मरीन लाइन्सचं बॉम्बे हॉस्पिटल गाठावं लागे. रेल्वेच्या नोकरदारांना भायखळ्याचं रेल्वे रुग्णालय होतं. २००७ मध्ये ठाण्यात ज्युपिटर आलं, पुढे कल्याणात फोर्टिस, डोंबिवली एमआयडीसीत एम्स. शिवाय हाडांच्या डॉक्टरांची वीस-तीस खाटांची अनेक इस्पितळं. लोकसंख्येने ते साहजिकच होतं. २०११च्या जनगणनेत अखंड ठाणे जिल्हा एक कोटी दहा लाखांवर जाऊन देशात पहिला होता; ठाणे शहर साडेअठरा लाखांच्या, कल्याण-डोंबिवली साडेबारा लाखांच्या घरात.

आणि ही लोकसंख्या आता म्हातारी होते आहे. सत्तर-ऐंशीच्या दशकांत बँक, एलआयसी, मंत्रालय, रेल्वेतल्या नोकरीवर इथे ब्लॉक घेतलेली पिढी पंच्याहत्तरीला पोचली आहे. मुलं पुण्यात, बंगळुरूत किंवा परदेशात. पैसा बऱ्यापैकी आहे, मेडिक्लेम आहे, इस्पितळ रिक्षाच्या अंतरावर आहे. गुडघ्याच्या ऑपरेशनाला याहून अनुकूल जमीन दुसरी नाही, आणि जाहिरातींचा रोख इथेच का, हेही त्यावरून कळतं.

सरकारी बाजू त्या मानाने तोकडी राहिली. ठाण्याचं विठ्ठल सायन्ना जिल्हा सामान्य रुग्णालय, महापालिकेचं कळव्याचं छत्रपती शिवाजी महाराज रुग्णालय, उल्हासनगरचं मध्यवर्ती रुग्णालय, कल्याणचं रुक्मिणीबाई आणि डोंबिवलीचं शास्त्रीनगर यांच्यावर सगळ्या जिल्ह्याच्या अपघातांचा, बाळंतपणांचा, तापाच्या साथींचा भार आहे. ठरवून करायच्या ऑपरेशनाला, म्हणजे गुडघ्याला, तिथे शेवटचा नंबर लागतो. दुखतं पण जीव जात नाही, अशा आजारांची ही नेहमीचीच गत.

किमतीचं गणित

१६ ऑगस्ट २०१७ रोजी राष्ट्रीय औषध मूल्य प्राधिकरणाने कृत्रिम गुडघ्याच्या किमतीला कमाल मर्यादा घातली. कोबाल्ट-क्रोमियमचा साधा गुडघा सरासरी १,५८,३२४ रुपयांना विकला जात होता, तो ५४,७२० रुपयांवर आला. टायटॅनियम किंवा ऑक्सिडाइज्ड झिर्कोनियमचा २,४९,२५१ वरून ७६,६०० वर. जीएसटी वेगळा. आयात केलेला सांधा कारखान्यापासून रुग्णापर्यंत येताना मधल्या हातांचा नफा तीनशे टक्क्यांवर जातो, हे सरकारनेच तेव्हा सांगितलं. पुढे या मर्यादेची मुदत वेळोवेळी वाढवली गेली.

सांध्याची किंमत एक तृतीयांश झाली, तरी ऑपरेशनचं बिल त्या प्रमाणात उतरलं नाही. कारण बिलात सांधा हा एकच भाग. खोलीभाडं, ओटीचे आकार, सर्जनची फी, भूल, एकदा वापरून फेकायचं साहित्य यांवर मर्यादा नाही. वर ही सवलत गुडघ्यापुरती. खुब्याला ती लागूच नाही, म्हणजे ज्याचा रुग्ण तरुण आणि कमावता आहे तिथेच मोकळं रान. स्पर्धेने मात्र काही केलं. गुजरातमध्ये वापीच्या मेरिलसारख्या देशी कंपन्यांचे सांधे आता मोठ्या प्रमाणावर वापरले जातात.

ज्यांच्याकडे मेडिक्लेम नाही त्यांच्यासाठी योजना आहेत. महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजना सगळ्या कुटुंबांना खुली करून तिची मर्यादा पाच लाखांवर नेण्याचा निर्णय राज्याने जून २०२३ मध्ये घेतला. केंद्राच्या आयुष्मान भारतमध्ये गुडघा आणि खुबा बदलणं आहे, आणि ऑक्टोबर २०२४ पासून सत्तरीपुढच्या कुणालाही उत्पन्नाची अट न घालता वय वंदना कार्ड मिळतं. एक खाचखळगा लक्षात ठेवावा. इस्पितळ योजनेत आहे म्हणजे तिथे सांधेबदल योजनेतून होतोच असं नाही, कारण मान्यता विभागवार असते. आरोग्यमित्राच्या टेबलाशी जाऊन नेमका हाच प्रश्न विचारावा. खासगी मेडिक्लेममध्येही सांधेबदलाला बहुधा दोन वर्षांची प्रतीक्षा असते. गुडघे दुखायला लागल्यावर पॉलिसी काढून उपयोग होत नाही.

रोबो, इंजेक्शनं आणि पुरावा

गेल्या दहा वर्षांत दिसणारा सगळ्यात ठळक बदल रोबोचा. नावावरून वाटतं तसा तो एकट्याने ऑपरेशन करत नाही. आधी हाडांचा नकाशा तयार होतो, किती आणि कोणत्या कोनात कापायचं ते सर्जन ठरवतो, आणि यंत्र त्याचा हात त्या रेषेबाहेर जाऊ देत नाही. काप अधिक अचूक येतात याबद्दल वाद नाही. अचूक कापामुळे रुग्णाला दहा-वीस वर्षांनी अधिक सुख मिळतं का, हा खरा प्रश्न. दक्षिण कोरियात जुन्या पिढीच्या रोबोने आणि हाताने केलेल्या गुडघ्यांची दहा वर्षांहून जास्त काळ तुलना झाली, त्यात वेदना, हालचाल आणि टिकाऊपणा यांत फरक आढळला नाही. नवे रोबो जास्त चांगले आहेत, त्यांचा दीर्घ हिशेब अजून यायचा आहे. तोवर रोबोसाठी जास्तीचे पैसे मागितले तर नम्रपणे विचारावं : हेच सर्जन वर्षाला किती गुडघे करतात? रुग्णाच्या दृष्टीने त्या उत्तराला यंत्राच्या नावापेक्षा जास्त किंमत आहे.

ऑपरेशन टाळण्याच्या नावाखाली चालणाऱ्या गोष्टींचाही समाचार घ्यायला हवा. दुर्बिणीने गुडघा ‘धुऊन’ काढणं एके काळी सर्रास चाले. २००२ मध्ये अमेरिकेतल्या ह्यूस्टनला १८० रुग्णांवर चाचणी झाली. काहींचा गुडघा खरोखर धुतला, काहींच्या त्वचेवर नुसत्या चिरा दिल्या. दोन्ही गटांना सारखाच आराम पडला. ‘ग्रीस’ म्हणून दिली जाणारी इंजेक्शनं आणि कूर्चा पुन्हा उगवण्याची हमी देणारे स्टेम सेल यांच्या बाजूचा पुरावा आजही कच्चा आहे. मांडीच्या स्नायूंचा व्यायाम आणि वजन कमी करणं यांच्या बाजूचा भक्कम आहे. एक किलो वजन उतरलं की प्रत्येक पावलाला गुडघ्यावरचा भार सुमारे चार किलोंनी हलका होतो. डेन्मार्कमध्ये २०१५ साली प्रसिद्ध झालेल्या १०० रुग्णांच्या चाचणीत ऑपरेशन केलेल्यांना आराम जास्त पडला, मात्र व्यायाम-आहाराच्या गटातल्या फक्त चौथ्या हिश्शालाच वर्षभरात ऑपरेशनची गरज भासली. म्हणजे ऑपरेशन गुणकारी आहे, पण ते गरजेइतकंच आणि वेळेवरच व्हावं.

किती टिकतो?

हा प्रत्येकाचा पहिला प्रश्न. २०१९ मध्ये लॅन्सेटमध्ये आलेल्या अभ्यासांनी ऑस्ट्रेलिया आणि फिनलंड यांच्या नोंदी पाहून उत्तर दिलं : पंचवीस वर्षांनंतर शंभरांतले ८२ संपूर्ण गुडघे आणि ५८ खुबे चालू होते. १९९०च्या दशकाच्या अखेरीस आलेल्या अधिक चिवट पॉलिथिलीनमुळे नव्या खुब्यांचं आयुष्य याहून वाढण्याची चिन्हं आहेत.

वयाने हिशेब बदलतो. ब्रिटनच्या नोंदींवरून २०१७ मध्ये दिसलं की सत्तरीत गुडघा बदललेल्या माणसावर हयातीत पुन्हा ऑपरेशनची वेळ येण्याची शक्यता शेकडा पाचच्या आसपास असते. पन्नाशीच्या सुरुवातीला बदललेल्या पुरुषाच्या बाबतीत ती पस्तीसपर्यंत जाते. दुसऱ्यांदा करायचं ऑपरेशन जास्त अवघड, जास्त महाग आणि कमी यशाचं. त्यामुळे बावन्नाव्या वर्षी शिबिरात ‘गॅप संपली’ ऐकून घाबरलेल्याने आधी दुसरं मत घ्यावं. आतल्या बाजूचीच झीज असेल तर अर्धा गुडघा बदलणं किंवा नडगीचं हाड कापून पाय सरळ करणं, हेही मार्ग असतात.

दोन गोष्टी जाहिरातीत नसतात. सुमारे पाचांतला एक रुग्ण नव्या गुडघ्यावर पूर्ण समाधानी नसतो. आणि शंभरांतल्या एक-दोघांना खोलवर जंतुसंसर्ग होतो. तेव्हा सांधा काढून, काही आठवडे औषध भरून, पुन्हा बसवावा लागतो. मधुमेह आटोक्यात नसेल तर हा धोका वाढतो, आणि आपल्याकडे मधुमेह घरटी आहे.

वहीत न लिहिलेलं

वरच्या परिच्छेदांतले जवळजवळ सगळे टिकाऊपणाचे आकडे परदेशी आहेत, हे वाचकांच्या लक्षात आलं असेल. स्वीडनने गुडघ्यांची राष्ट्रीय नोंदवही १९७५ मध्ये उघडली, खुब्यांची १९७९ मध्ये. ऑस्ट्रेलियाची १९९९ ची, इंग्लंड-वेल्सची २००३ ची. आपली ऐच्छिक आहे. ज्या सर्जनला वाटेल त्याने लिहावं, अशी.

त्याने काय फरक पडतो ते एएसआर प्रकरणात दिसलं. जॉन्सन अँड जॉन्सनच्या डेप्यू कंपनीचा हा धातूवर धातू घासणारा खुबा. ऑस्ट्रेलियाच्या नोंदवहीत तो २००७ पासूनच खुपू लागला. डिसेंबर २००९ मध्ये तो तिथून मागे घेतला गेला आणि ऑगस्ट २०१० मध्ये जगभरातून. तोवर सुमारे ९३,००० लोकांना तो बसला होता. धातूचे कण रक्तात उतरत, भोवतीचे स्नायू सडत आणि पाच वर्षांत शंभरांतल्या बारा-तेरांवर दुसऱ्या ऑपरेशनची वेळ येई. भारतात सुमारे ४,७०० ऑपरेशनं झाली होती. महाराष्ट्राच्या अन्न व औषध प्रशासनाने मुंबईत पोलिसांकडे तक्रार नोंदवून यात पुढाकार घेतला. केंद्राच्या तज्ज्ञ समितीचा अहवाल २०१८ मध्ये आला आणि त्यानंतर ३० लाखांपासून एक कोटी २३ लाखांपर्यंत भरपाईचं सूत्र ठरलं. पण भरपाई देणार कुणाला? माग लागला तो जेमतेम हजारभर रुग्णांचा. बाकीच्यांपैकी कितीतरी जणांच्या पायात काय आहे हे त्यांना स्वतःलाही ठाऊक नसणार.

आज ठाणे-कल्याणमध्ये होणारी ऑपरेशनं नोंदवण्याचं कायद्याने बंधन नाही. पुढच्या पंधरा-वीस वर्षांत आजचे गुडघे दुसऱ्या ऑपरेशनाला येतील. तेव्हा इस्पितळ बंद झालेलं असेल, सर्जन निवृत्त झालेला असेल, फाइल पुरात किंवा पुनर्विकासात गेलेली असेल. पायात कोणत्या कंपनीचा कोणत्या मापाचा सांधा आहे हे कळलं नाही, तर एरवी नुसती चकती बदलून भागलं असतं तिथे आख्खा सांधा उपटावा लागतो.

यावरचा उपाय खर्चिक नाही. महात्मा फुले योजना आणि आयुष्मान भारत यांचं बिल मंजूर करताना राज्याने सांध्याच्या नोंदीची अट घालावी. विमा कंपन्यांनीही तीच घालावी. ठाणे आणि कल्याण-डोंबिवली महापालिका नर्सिंग होमची नोंदणी आणि नूतनीकरण करतात, त्यांनाही वर्षाला किती सांधे बदलले हा एक रकाना वाढवता येईल.

तोवर ज्याने-त्याने स्वतःपुरतं करावं. प्रत्येक सांध्याच्या खोक्यात कंपनी, माप आणि बॅच क्रमांक छापलेले स्टिकर असतात. ते डिस्चार्जच्या कागदावर लावून मागा, त्याचा मोबाइलवर फोटो काढा, मुलांना पाठवा आणि कागद घराच्या दस्तऐवजांबरोबर ठेवा. ज्यांचे गुडघे आधीच बदलून झाले आहेत त्यांनीही या आठवड्यात जुनी फाइल काढून स्टिकर आहे का ते पाहावं, आणि नसेल तर इस्पितळ आणि सर्जन जागेवर आहेत तोवर तो तपशील लेखी मागून घ्यावा.